झेंडूवर आळ

मला हुशार समजणाऱ्यांनी हे जरा ऐकावंच. मी अमरावतीत फार्मसीच्या पोरांना शिकवतो. माझं संशोधनही एकाच गोष्टीवर चाललंय. काही औषधं पेशीच्या पडद्यात जाऊन बसतात, मग प्रकाश पडला की त्यांचा रेणू बदलतो आणि त्या पडद्यालाच इजा करतो.

तर दसऱ्याच्या आधी हनुवटीवर पुळ्या आल्या म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या चालू असतानाच मी वलगावला सासऱ्यांच्या मळ्यात झेंडू तोडायला गेलो. जावई कामाचा आहे हे दाखवायचं होतं, म्हणून भर उन्हात, टोपीसुद्धा न घालता.

संध्याकाळी तोंड लालभडक झालं आणि नुसती आग व्हायला लागली. मी सासऱ्यांना म्हणालो, "तुमच्या झेंडूची ॲलर्जी दिसते."

ते शांतपणे म्हणाले, "आमी सारा जलम झेंडूच तोडून राहिलो, जवाईबुवा. आमाले तं काई झालं नाई. तुमालेच काहून?"

त्यावर मी त्यांना फुलांतली रसायनं समजावत बसलो.

दुसऱ्या दिवशी बायकोनं मला डॉक्टरांकडे नेलं. तोंड बघताच ते म्हणाले, "गोळी खाऊन उन्हात गेले होते ना? हे औषध कातडीत असताना ऊन लागलं की असंच भाजते. नोकरी उन्हातली आहे काय? काय करता तुमी?"

मी खाली बघत म्हणालो, "भूगोल शिकवतो."

शेजारी बसलेली बायको म्हणाली, "आजपासून."