पायरी नंबर एक

चहा थांबू द्या जरा, हे ऐका. आमच्या अनसिंगच्या शाळेतल्या पोरींनी व्हिडिओ कॉलवरून टांझानियातल्या एका शाळेची रोबोटची टीम उभी केली. आमी इकडं जोडून दाखवायचं, तिकडच्या पोरी पाहून पाहून जोडायच्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांची कप्तान नीमा व्हिडिओ कॉलवर म्हने, "सर, रोबोट जागचा हालत नाही."

वायरी पाहिल्या, बॅटरी पाहिली, सगळं बराबर. मले घाम फुटला. आपणच शिकवलं नं त्याहिले.

तेवढ्यात आमची वैशाली म्हने, "सर, त्याच्या तोंडाले लाल काय लागलं?"

पाहतो तं सेन्सरवर लाल मातीचा टिळा. रोबोटले समोर भिंतच दिसून राह्यली होती, मंग तो कायले चालते?

"हे काहून लावलं?"

नीमानं वही दाखवली. "सर, तुमी नव्या मशीनले पहिले हेच केलं होतं. आमी पायरी नंबर एक म्हनून लिहून घेतलं."

टिळा पुसला अन रोबोट सुसाट निघाला. माझा जीव भांड्यात पडला.

नीमा म्हने, "सर, मंग पायरी नंबर दोनचा नारळ फोडू का नको?"

म्हनलं, "फोड माय. पन रोबोटपासून दूर."