जाम झालेलं इंजिन

वहिनी : …तुम्ही फक्त त्या बाजूने धरा. मी ‘हं’ म्हटलं की उचलायचं.

दीर : माझ्या कमरेला विचारा एकदा, वहिनी. औषधाच्या दुकानात उभा राहणारा माणूस मी. गोळ्यांच्या पाकिटांपलीकडे काही उचललेलं नाही आयुष्यात.

वहिनी : हे नुसतं वरचं झाकण आहे, भावजी. आख्खं इंजिन तर गॅरेजवाल्याने साखळीने बाहेर काढून या लोखंडी घोड्यावर बसवून दिलंय.

दीर : अहो, पण हा खटाटोप कशासाठी? गिऱ्हाईक आहे तशी गाडी उचलायला तयार आहे. जुनी स्पोर्ट्स गाडी, इंजिन जाम. सुटे भाग काढून विकेल बिचारा. दादा गेला, आता तिच्यात बसणार कोण?

वहिनी : द्यायची तर देऊ. पण इतकी वर्षं ह्यांच्या तोंडून ‘जाम झालंय, जाम झालंय’ ऐकलं. जाम म्हणजे नेमकं काय असतं, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. हं.

दीर : आई गं. ठेवा, ठेवा. बोटं सांभाळा.

(झाकण बाजूच्या बाकावर ठेवतात.)

वहिनी : टॉर्च द्या इकडे. ही भोकं दिसतात ना ओळीने, यांच्यात पिस्टन वरखाली होतात. आत गंज चढला की पिस्टन भिंतीला चिकटून बसतात. त्याला जाम म्हणायचं. माहितीपुस्तकात आहे सगळं.

दीर : मग कुठाय गंज?

वहिनी : तोच शोधतेय. बोट फिरवून बघा.

दीर : गुळगुळीत आहे. आणि तेलकट. नव्या पेल्यासारखं चकाकतंय की आतून.

वहिनी : चारही तशीच. हा लांब पाना घ्या, पुढच्या नटाला लावा आणि फिरवा.

दीर : नको हं. दादाने किती वेळा बजावलं होतं, कुणी फिरवू नका, जोर लावलात तर मोडेल. गॅरेजवाल्याला जवळ उभं नाही केलं त्याने.

वहिनी : म्हणून तर आधी उघडून घेतलं. हळू फिरवा. अडलं तर थांबू.

दीर : फिरतंय.

वहिनी : दोन वर आले, दोन खाली गेले. परत.

दीर : वहिनी, एका हाताने फिरतंय हे. याला काहीही झालेलं नाही. चांगलं होतं ते उघडून बसलात तुम्ही.

वहिनी : मग ह्यांनी मला खोटं का सांगितलं?

दीर : त्यालाच वाटलं असेल, जाम झालंय म्हणून.

वहिनी : तर मग हे तेल कुणी घातलं? अधूनमधून बुधली घेऊन इकडे यायचे. मला वाटायचं, दाराच्या बिजागऱ्यांना तेल देतायत. ते इंजिनात घालत होते, भावजी. घालून हाताने फिरवत होते, गंजू नये म्हणून.

दीर : जपायचं आणि चालवायचं मात्र नाही. हे काय कोडं आहे?

वहिनी : ह्यांनी गाडी शेवटची चालवली तेव्हा तुम्ही होतात शेजारी. काय झालं होतं?

दीर : विशेष काही नाही. फाटकाच्या खांबाला घासली जराशी. क्लच धरत नाही म्हणाला.

वहिनी : क्लचची प्लेट ती बघा, वर्तमानपत्रावर. गॅरेजवाला म्हणतो, काकू, हिला अजून बरीच वर्षं मरण नाही.

दीर : थांबा. घासल्यावर तो खाली वाकला होता. मला वाटलं, काहीतरी पडलं त्याचं.

वहिनी : आणि?

दीर : पडलं नव्हतं काही. पायांकडे बघत होता. आपला पाय नक्की कशावर आहे, ते बघून घ्यावं तसा.

वहिनी : घरात एका पायातली चप्पल मागे राहायची आणि हे तसेच पुढे चालत जायचे. मी हसायचे. लक्ष कुठे असतं हो तुमचं, म्हणायचे.

दीर : साखर. किती जुनी साखर त्याची. पायांची जाणीव जाते, वहिनी. हळूहळू जाते, कुणाला कळत नाही. गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या त्याच्या, आणि पाय कसे आहेत असं मी एकदाही विचारलं नाही.

वहिनी : विचारून सांगितलं असतं होय त्यांनी? त्याच सुमाराला रोजची गाडीसुद्धा लेकीला देऊन टाकली. बसमध्ये कशी खिडकी मिळते, म्हणाले. मी आठवडाभर धड बोलले नव्हते त्यांच्याशी.

दीर : मला तरी सांगायचं. सख्खा भाऊ मी.

वहिनी : तुम्हाला सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत मला कळलं असतं. आणि मग मी दिवसभर त्यांच्या पायांकडेच बघत बसले असते. त्यापेक्षा गाडीला आजारी पाडलं.

दीर : …गिऱ्हाइकाला काय कळवू?

वहिनी : नाही म्हणून कळवा.

दीर : आणि हा पसारा?

वहिनी : जोडायचा. पुस्तक आहे, गॅरेजवाला आहे, तुमची कंबर आहे.

दीर : चालवणार कोण पण?

वहिनी : मी शिकेन. माझे पाय ठणठणीत आहेत.

दीर : शिकाल, त्यात शंका नाही. पण पुतणी विचारेल ना मला, काका, काय बिघडलं होतं बाबांच्या गाडीचं?

वहिनी : जाम झालं होतं म्हणून सांगा.

दीर : ते खोटंच की.

वहिनी : जाम इंजिनाला पिस्टनच्या रिंगा नव्या घालतात, तशा घालू आपण. म्हणजे अगदीच खोटं होणार नाही.