कापसाची दाढी

नाही नाही वहिनी, सतरंजीवर नका बसू, ती झटकायची राहिलीय— या खुर्चीवर बसा. ताईचा गोष्टींचा वर्ग? तो आता कोण घेणार? मी? अहो, मी सातवीतनं शाळा सोडलेला, दिवसभर वेल्डिंग करणारा माणूस. ताई गेली, वर्गही गेला. तुमची छकुली रडते म्हणता— रडू दे. मीही रडतोच की.

तशा गोष्टी मला सगळ्या येतात, हे खरं. रामाच्या, कर्णाच्या— या दारात उभं राहून ऐकल्यात. ताईची पद्धत माहितीये ना तुम्हाला? गोष्ट ऐन मोक्याला थांबवायची आणि पोरांना विचारायचं— तुम्ही काय केलं असतं? यंदाच्या नाटकात भीष्म तर मीच होतो, एवढा उंच पोरगा मिळेना म्हणून. कापसाची दाढी, तालमीत सारखी नाकात जायची, मी शिंकायचो, पोरं हसून लोळायची. हसा, हसा, ताईही हसलीच— हसता हसता खोकली आणि उठून मोरीत गेली. रक्त होतं. मी पाहिलं. म्हणजे— तेव्हा पहिल्यांदा नाही. त्याआधी महिनाभर ठाऊक होतं मला.

अशा काय बघताय? शब्द घेतला होता तिनं माझ्याकडून. आईला सांगायचं नाही, नाटक होऊ दे, मग जाते डॉक्टरांकडे. जिनं मला लहानपणापासून एकच शिकवलं, दिलेला शब्द मोडायचा नाही— तिलाच दिलेला मी मोडू? पाळला. तीन महिने पाळला. आणि डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आणायचं होतं. बरोबर तीनच म्हणाले हो.

आणि तुमची छकुली— एकदा तालमीत ताईनं विचारलं, भर सभेत घरच्या सुनेचे हाल चाललेत आणि भीष्म गप्प, का? सगळी पोरं एका सुरात— शब्द दिला होता! ही एकटी उभी राहून म्हणते, मग मोडायचा ना! आजोबा आहेत तर उठले का नाहीत? आठ वर्षांची पोर. ताई म्हणाली, बस खाली, मोठी झालीस की कळेल. मी तिथंच, दाढी लावून. एकवीस वर्षांचा. आई आत भाजी चिरत होती, सुरीचा आवाज येत होता. चार पावलं. नाही उठलो.

आता आई रोज विचारते— तुझ्यासमोर कधी खोकली होती का रे? मी म्हणतो, नाही गं. म्हणजे शब्द पाळणाराही मीच आणि खोटं बोलणाराही मीच. ताईला विचारलं असतं हे कसं काय, पण—

थांबा. फाटक वाजलं, आई आली. वहिनी, हे तिला सांगायचं नाही. कधीच नाही. शब्द द्या मला. नुसती मान नका हलवू, तोंडानं म्हणा. म्हणा ना. का नाही देत?

बरं. मग निघा तुम्ही. तिकडून नको, ती समोरच येईल— मागच्या दारानं जा.