मोनालीचा फुकटचा क्लास

फुकट? अगं बाय, फुकट काय असतं या जगात — सुकी मासळी विकायला बसते मी, हा जवला देते का तुला फुकट? मग! हातात घेऊन बघ, रेती नाय लागायची. तर मी काय सांगत होते — हां, मोनाली. माझी सून, मिथुनची बायको. दुपारची भांडी झाली की कानात ती बोंडं घालते, मोबाईल भिंतीला टेकवते आणि मान हलवत बसते. मी गेले की मोबाईल पालथा! काय गं, तर "काय नाय आई, क्लास हाय ऑनलाईन." कसला? तर "असाच." असाच क्लास असतो का कुठं? आणि फी विचारली तर बोलते, फुकट. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मी पण घुसले. शेजारच्या रूपाला बोलले, हिच्या क्लासात माझं नाव घाल, पण तिला सांगू नको. रूपा आधी नाय नाय करत होती, माझ्या तोंडाकडंच बघत बसली — मग घातलं. आत गेले तर, आई गं, अकरा हजार माणसं! आमच्या गावात लग्नाला एवढी येत नायत, आणि आमच्यात आमंत्रणाची वाट कोण बघतंय? कोण नांदेडची, कोण कोल्हापूरची, कोण दुबईत बसलेला. ओळख ना पाळख, सगळी आपली नमस्कार-नमस्कार करतात. एवढी माणसं फुकट जमवून करायचंय काय यांना? शिकवणारी डॉक्टरीण — ती सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलली, "तुम्ही आलात, बरं वाटलं." मी लगेच पदर सारखा केला, काय सांगावं, तिकडून दिसत असलं तर! बोलले, आले, पण फसायची नाय मी. तर ती आपली बोलतच राहिली.

आणि क्लास कसला ठाऊक हाय? घरातलं माणूस विसरायला लागलं तर त्याला सांभाळायचं कसं. मला लगेच उमगलं — हिची आई भामाबाई, तिकडं शिरढोणला एकटीच असते, तिला आमच्या घरात आणायचा बेत. आणि मला कोण विचारतंय! मग तिथं बोलतात, स्वतःबद्दल चार शब्द लिहा. मला लिहायचा कंटाळा, पण मोबाईलात बोललं की आपोआप लिहिलं जातं ना — मी सगळं ओकले. मी गुणाबाई, गव्हाणची. माझी सून माझ्यावर पाळत ठेवते. गॅसला हात लावू देत नाय. मार्केटात मी इतकी वर्षं एकटी येते, आता ही पाठी पाठी येते. आणि माझ्या सोन्याच्या पाटल्या हिनंच लपवल्या. सगळं बोलले.

मला वाटलं, कोणतरी बोलेल, काढ तिला घराबाहेर. संध्याकाळी बघते तर ढीगभर उत्तरं — आणि सुनेला नावं ठेवणारं एक पण नाय! कोल्हापूरची लिहिते, माझी आई पण हेच म्हणायची, पाटल्या पिठाच्या डब्यात निघाल्या. दुबईवाला लिहितो, बाबा मलाच चोर म्हणायचे. एकीनं तर "मावशी, घाबरू नका." मी कशाला घाबरू? बोलले, सगळी तिच्याच बाजूची, चढवून ठेवलेली! — आणि उठले. पिठाचा डबा उघडला. नव्हत्या. बघ, बोलले नव्हते मी? मग तांदळात हात घातला... माझाच रुमाल, आत पाटल्या. गाठ पण माझीच, अशी उलटी गाठ आमच्या घरात दुसरं कोण मारत नाय.

भ्याले गं मी. खोटं कशाला बोलू. माझी आई, हौसा, शेवटी मलाच विचारायची, कोणाची गं तू पोर? आणि त्या उत्तरांत सगळ्यात खाली मोनालीचं होतं. एवढंच — "गुणाबाई, तुमची सून तुम्हाला कुठं टाकून जायची नाय." जशी काय मला ओळखतच नाय, बया!

तेव्हापासून त्यातलं ती मला काय बोलली नाय, मी तिला नाय. ती आतल्या खोलीत बोंडं घालते, मी बाहेरच्या. बोलू कशी? बोलले की ती रडणार, आणि ती रडली की मला नाय सोसायचं. आता पुढला धडा हाय — माणूस घरच्यांनाच ओळखेनासं झालं तर. तो नाय बघितला मी. तो तिचा तिलाच बघू दे.

ती बघ, कोपऱ्यावर पिवळ्या ओढणीतली — वळून नको बघू! भाजीला आलेय बोलते, पिशवी बघ, रिकामीच. असू दे. असते तिथं, बरं वाटतं.

हां, बोल बाय, तुला काय देऊ? जवला बघ, रेती नाय लागायची... दिला? कधी? — पिशवीत हाय होय. बरं. बरं, मग जा तू आता. उभी नको राहू इथं. आणि तिच्याकडं बघून असं तोंड नको करू, तिला कळंल. जा.