टाकीवरचा ससाणा

वसाया: संपलं, उस्ताद. या मुरीदचा ट्रक परत, याची बहीणही परत. सकाळीच तिला पेटीसकट रिक्षात बसवून दिली.

उस्ताद गौस: मी काही ऐकलं नाही. तूही काही बोलला नाहीस. बस त्या टायरवर.

मुरीद: ऐकलं कसं नाही? याने माझी बहीण पाठवली, म्हणून मी याची पाठवली. साट्यालोट्याची लग्नं आहेत. एकीचं मोडलं की दुसरीचंही मोडणार.

उस्ताद: मी लग्नं दुरुस्त करत नाही. ट्रक कुठे बंद पडतो?

वसाया: कालव्याच्या पुलावर. मेहुण्याने विकलेला माल, दुसरं काय होणार?

मुरीद: माझ्या बापापासून या ट्रकने मुलतानचा आंबा कराचीला नेलाय. कधी कुरकुरला नाही. तुझ्या हातात गेला आणि बिघडला.

उस्ताद: बंद पडताना धूर कसला येतो? काळा, पांढरा?

वसाया: कसलाच नाही. आचके देतो आणि मरतो.

उस्ताद: म्हणजे डिझेल पोचत नाही. काय काय केलंस?

वसाया: गाळणी बदलली. पंप उघडला. दर्ग्यावरचा धागा बांधला.

मुरीद: पंपाला बांधला.

वसाया: तुला कोणी विचारलं, भावजी?

उस्ताद: बंद पडल्यावर पहिलं काय करतोस?

वसाया: याच्या खानदानाला शिव्या देतो.

उस्ताद: त्यानंतर.

वसाया: टाकीचं झाकण उघडून काठी घालतो. डिझेल असतं. झाकण लावतो, हातपंप मारतो. मग चालतो, पुढच्या पुलापर्यंत.

उस्ताद: झाकण उघडताना आवाज येतो?

वसाया: लांब सुस्कारा टाकतो. मला वाटलं, जुन्या मालकाची आठवण काढतोय. त्याचाच जास्त राग आला.

मुरीद: खरंच टाकतो?

उस्ताद: तू गप्प बस. झाकण दाखवा.

(तिघे टाकीपाशी जातात.)

उस्ताद: हे काय आहे?

वसाया: ससाणा. ट्रक घेतल्याबरोबर नवरीसारखा रंगवून घेतला. झाकणावर तेवढी जागा उरली होती.

उस्ताद: आणि हा डोळा?

वसाया: तिथे एक भोक होतं. वाईट दिसायचं. रंगाऱ्याने लाखेने बुजवून वर लाल काच बसवली.

उस्ताद: गाढवा, त्या भोकातून टाकी श्वास घेते. डिझेल जाईल तेवढी हवा आत यावी लागते. नाही आली की टाकी डिझेल सोडत नाही. जुना ट्रक घेतला की आधी फुकटातलं बघायचं. डिझेल आहे का, हवा जाते का, गाळणीत पाणी साचलंय का. मग पंप. बायको सगळ्यात शेवटी.

मुरीद: म्हणजे ट्रक चांगला होता.

वसाया: डोळा काढा, उस्ताद.

मुरीद: आधी म्हण, चांगला होता.

वसाया: होता. तू नव्हतास.

उस्ताद: झाला ससाणा आंधळा. जा, पूल ओलांडून या. आणि येताना चेहरे धुऊन या. दोघींच्या रिक्षा इथेच समोरासमोर आल्या. सकाळपासून माझ्या अंगणात चहा पितायत.

वसाया: दोघी? काय म्हणतात?

उस्ताद: ट्रकला काहीच म्हणत नाहीत.

मुरीद: वसाया, तू बोल आत जाऊन.

वसाया: उस्ताद, तुम्ही संघटनेचे सचिव ना? मग लिहून घ्या. माननीय अध्यक्ष, ट्रकमालक संघटना, मुलतान. इंजिन बंद असताना पत्नी व सासरच्या मंडळींविषयी काढलेले उद्गार इंजिन चालू होताच रद्द झाले असे समजावे, आणि तसे अंगणातील दोघींना संघटनेतर्फे कळवावे, ही नम्र विनंती.