बाबांनी हात लावायचा नाही

(ऑकलंडमधलं मांगेरे. शनिवारची सकाळ, साडेनऊ. घरासमोर एक जुनी निळी गाडी उभी आहे, बॉनेट उघडं. सेमिसी आत वाकलाय. त्याची मुलगी लुपे हातात कागद घेऊन शेजारी उभी. बायको एसेता पायरीवर बसून तारोचे कंद सोलतेय.)

लुपे : बाबा, तुम्ही ऐकताय ना? की मी इंजिनाला वाचून दाखवतेय?

सेमिसी : ऐकतोय गं. दोघंही ऐकतोय.

लुपे : मग वर बघा एकदा. अकरा वाजता डीलरकडे जायचंय. गाडी आपली झालेली आहे, तो प्रश्नच नाही. प्रश्न या वाढीव वॉरंटीचा आहे. तीन वर्षं. इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, तर ते दुरुस्त करून देणार. रस्त्यात बंद पडली तर टोचन करून नेणार. तेही फुकट.

सेमिसी : फुकट! चौदाशे डॉलर मोजून फुकट. एसेता, ऐकलंस का?

एसेता : ऐकलं. चौदाशे डॉलरात मी सामोआला जाऊन माझ्या बहिणीला भेटून येईन. तिच्या हातचं जेवून येईन. वर येताना भांडूनसुद्धा येईन.

लुपे : आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?

एसेता : मी तारोच्या बाजूने आहे. उद्या चर्च सुटलं की तुला निरोप द्यायला वीस माणसं जेवायला आहेत, आणि मला मदतीला एकही हात नाही. तुमचं चालू द्या.

सेमिसी : मला एक सांग लुपे. या घरात आजवर कुणी वॉरंटी घेतलीय? तुझ्या काकाची व्हॅन कोण बघतं?

लुपे : तुम्ही.

सेमिसी : चर्चच्या पाळकांची व्हॅन?

लुपे : तुम्हीच, बाबा.

सेमिसी : आणि पैसे किती घेतो?

एसेता : पैसे कसले! एकदा एक डुक्कर मिळालं होतं. तेही यानं चर्चच्या जेवणाला देऊन टाकलं.

लुपे : अहो पण मी मांगेरेत राहणार नाहीये ना! मी परवा इन्व्हरकार्गिलला चाललेय, शाळेतल्या नोकरीला. देशाच्या पार खालच्या टोकाला. सोळाशे किलोमीटर. मध्ये समुद्र.

सेमिसी : मग काय झालं? बोट आहे की. गाडीसकट चढता येतं बोटीत.

लुपे : झालं! हेच. याचीच मला भीती वाटते.

सेमिसी : कशाची? बोटीची?

लुपे : जाऊ दे. नंतर सांगते.

सेमिसी : आणि पाळकांनी काल गाडीवर हात ठेवून प्रार्थना केलीय. चांगली दहा मिनिटं केली. टायरसकट सगळ्याचं नाव घेतलं.

लुपे : त्यांनी स्वतःच्या व्हॅनवरही केली होती. तीनदा बंद पडली.

सेमिसी : पडली, पण तिन्ही वेळा चर्चच्या दारात पडली. दुसऱ्या कुणाची पडते का अशी? जरा चावी फिरव बघू. आवाज ऐकू दे.

लुपे : फिरवली.

एसेता : लागली बघ गाडीतली ती जपानी बाई बोलायला. सारखी काय म्हणते गं ती?

लुपे : टोलचं कार्ड घातलेलं नाही, असं म्हणते. गाडी जपानहून आलीय ना, ते यंत्र तसंच राहिलंय आत.

एसेता : अगं बाई! इतक्या नम्रपणे बोलते, मला वाटलं देवाचं नाव घेते. मी कालपासून तिला आमेन म्हणतेय.

सेमिसी : कर बंद. छान आहे इंजिन. कुरकुर नाही, काही नाही. कशाला हवा तुला कागद?

लुपे : थांबा, एक कलम राहिलंय. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. नववं. 'सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती नोंदणी असलेल्या गॅरेजातच करावी. अन्य कुणीही इंजिनाला हात लावल्यास वॉरंटी रद्द होईल.'

सेमिसी : अन्य कुणीही म्हणजे?

लुपे : म्हणजे... ज्याच्याकडे इथला परवाना नाही असा कुणीही.

सेमिसी : म्हणजे मी.

लुपे : बाबा, तुमचं नाव नाही लिहिलेलं त्यात.

सेमिसी : लिहायला कशाला हवं? सामोआत, आपिआच्या सरकारी गॅरेजात अकरा वर्षं काढली मी. ट्रकची इंजिनं उतरवून चढवली एकट्यानं. इकडे आलो तर म्हणाले, इंग्रजीत परीक्षा द्या. म्हटलं, भाषा जरा येऊ दे, मग देऊ. तोवर पावाच्या कारखान्यात लागलो. ते तोवर सत्तावीस वर्षं चाललं.

लुपे : माहितीय मला.

सेमिसी : माहीत असेल, पण ऐक. कारखान्यात मी कोण? तिसऱ्या भट्टीवरचा माणूस. नावसुद्धा नीट घेत नाहीत, सेम म्हणतात. या अंगणात कुणाची गाडी आली, बॉनेट वर झालं, की मी सेमिसी होतो. आणि आता माझ्याच पोरीच्या गाडीला मी हात लावायचा नाही, आणि त्यासाठी पैसे मी भरायचे!

लुपे : पैसे मी भरतेय.

सेमिसी : मग तर आणखीच वाईट.

एसेता : सेमिसी, आता सांगून टाक तिला. सकाळचं.

लुपे : सकाळचं काय?

सेमिसी : काही नाही. तारो सोल तू.

एसेता : मी सोलतेय. तू सांग.

लुपे : बाबा?

सेमिसी : अगं, प्लग जुने होते. काळे पडले होते पार. आपल्याकडे नवा संच होता, तो घातला. मग म्हटलं, एवढं उघडलंच आहे तर ऑइल बदलून टाकू. ऑइल बदललं आणि फिल्टर जुना ठेवला, असं कोण करतं?

लुपे : कधी केलंत हे?

एसेता : पहाटे. मी न्याहारीला हाक मारली तर गाडीखालून उत्तर आलं.

लुपे : अहो पण तिथे पिवळं लेबल होतं ना! 'तपासणी होईपर्यंत उघडू नये.' कालच मी बघितलं होतं, टेपसारखं चिकटवलेलं.

सेमिसी : होतं. मला वाटलं किमतीचं आहे. किंमत तर दिलीय आपण, मग लेबल कशाला ठेवायचं?

लुपे : कुठे आहे ते?

एसेता : फ्रिजवर लावलंय मी. पिवळं होतं, बरं दिसलं.

लुपे : देवा रे! आज त्यांचा माणूस तपासणार, मग वॉरंटी सुरू होणार. आता तो काय म्हणेल?

सेमिसी : काही म्हणणार नाही. जुने प्लग डब्यात ठेवलेत मी, फेकले नाहीत. परत बसवतो. वीस मिनिटं लागतील. ऑइल कुणाला कळतंय!

एसेता : चर्चचा सेवक, डीकन ना रे तू?

सेमिसी : म्हणून तर हळू बोलतोय.

लुपे : ठेवा तो पाना खाली. ठेवा म्हणते ना! नवे प्लग काढायचे, काळे घालायचे, आणि मला सोळाशे किलोमीटर पाठवायचं? काय डोकं चालतं तुमचं! द्या, माझा फोन द्या इकडे.

सेमिसी : कुणाला लावतेस?

लुपे : हॅलो? हो, लुपे बोलतेय, निळी गाडी घेतलेली. हो, अकराला येतोय आम्ही. एक सांगायचं होतं. तुमचं पिवळं लेबल निघालंय. नाही, आपोआप नाही. माझ्या वडिलांनी काढलं. प्लग बदलले, ऑइल बदललं, फिल्टर बदलला. नाही, परवाना नाही. मेकॅनिक आहेत. हो, मेकॅनिकच आहेत, म्हटलं ना मी. बरं. बरं. ठीक आहे, सांगते त्यांना.

सेमिसी : काय म्हणाला?

लुपे : त्यांचा माणूस एकदा बघेल. काम बरोबर असेल तर शिक्का मारून देईल, आजपासून वॉरंटी सुरू. तोवर आणखी काही उघडू नका म्हणाला.

सेमिसी : काम बरोबर असेल तर! बघ म्हणावं, चार डोळे लावून बघ.

एसेता : मेकॅनिक म्हणाली हं ती तुला. दोनदा म्हणाली.

सेमिसी : ऐकलं मी. म्हणूनच विचारतो. लुपे, इकडे बघ. मी मेकॅनिक आहे हे तू त्याला ठणकावून सांगितलंस. मग तरी तो कागद घेतेसच?

लुपे : घेतेय.

सेमिसी : का गं?

लुपे : सांगू? रागावू नका. चार वर्षांपूर्वी मी हॅमिल्टनला शिकत होते, तेव्हा माझी लाल गाडी बंद पडली, आठवतं?

सेमिसी : आठवतं की. कॉइल गेली होती.

लुपे : मी फोन केला तो नुसतं विचारायला, काय करू म्हणून. तुम्ही कारखान्यातली पाळी संपवून, न झोपता, तसेच निघालात. गाडी दुरुस्त केलीत, माझ्या हातात दोन पाव ठेवलेत, चहासुद्धा न घेता परत फिरलात. आणि वाटेत तुमचा डोळा लागला.

सेमिसी : गाडी कुंपणाला लागली फक्त. पलीकडे गाय होती, ती जागची हललीसुद्धा नाही.

लुपे : गायीचं सोडा! पोलिसाचा फोन मला आला होता, बाबा. 'सेमिसी तुमचे कोण?' पहिलं वाक्य एवढंच. तो दुसरं वाक्य बोलेपर्यंत माझं काय झालं ते माझं मला माहीत. तुम्ही ठीक आहात म्हणाला तेव्हा मी वर्गाच्या बाहेर जमिनीवर बसले होते.

सेमिसी : हे कधी सांगितलं नाहीस.

लुपे : कशी सांगणार? त्यानंतर ती गाडी तीनदा बिघडली. तीनदा! एकदाही तुम्हाला कळवलं नाही मी.

सेमिसी : मग कुणी केली?

लुपे : कोपऱ्यावर एक होता.

सेमिसी : कसं काम होतं त्याचं?

लुपे : महाग.

सेमिसी : वाटलंच.

लुपे : म्हणून घेतेय हा कागद. गाडीसाठी नाही घेत मी. तुमच्यासाठी घेतेय. माझी गाडी कुठल्यातरी थंडगार रस्त्यावर बंद पडली म्हणून तुम्ही पाळी संपवून बोटीत चढू नये, यासाठी. तुम्हाला काही झालं ना बाबा, तर मी काय करू त्या गाडीचं?

एसेता : घे. लुपे, घे तो कागद. मला नको सामोआ-बिमोआ. बहीण कुठे पळून जात नाही. त्या दिवशी हा कपाळाला पट्टी लावून घरी आला, आणि आल्या आल्या काय म्हणाला माहितीय? 'लुपेची गाडी मस्त चालतेय.' तेव्हाच याला लाटण्यानं मारायला हवं होतं.

सेमिसी : घ्या मग. दोघींचं ठरलंच आहे.

लुपे : रागावलात?

सेमिसी : नाही गं. रागाचं काय त्यात! मी एकच विचारतो. तो कागद असल्यावर तू मला फोन कशाला करशील?

लुपे : म्हणजे?

सेमिसी : आईला तुम्ही पोरं सगळं सांगता. जेवण, ताप, मैत्रिणी. माझ्याकडे फोन आला की तो गाडीचाच. 'दे बाबांना, गाडीचं विचारायचंय.' मी इतका खूश व्हायचो. मग चार वर्षं तुझा तसा फोनच आला नाही. मी आपला समजत होतो, पोरीची गाडी चांगली चाललीय.

लुपे : बाबा... असं नव्हतं हो.

सेमिसी : माहितीय आता. तू घाबरली होतीस. मी आपला भट्टीसमोर उभा राहून त्या लाल गाडीची काळजी करायचो, आणि तू माझी करायचीस. वेडेच आहोत दोघं.

एसेता : दोघं नाही, सगळं खानदान.

लुपे : मला खरंच तुमच्याशी बोलायचं असतं. पण तुम्ही फोनवर 'बरं आहे, बरं आहे' म्हणता आणि आईला देता. मग मला सुचत नाही पुढे काय विचारायचं.

सेमिसी : मला तरी कुठे सुचतं! गाडीचं असलं की सुचतं.

लुपे : मग काय करायचं आपण?

सेमिसी : दे तो कागद. परत वाच ते कलम. हात लावायचा नाही, असंच आहे ना?

लुपे : हो. हात लावायचा नाही.

सेमिसी : ऐकायला काही आडकाठी?

लुपे : ऐकायचं? नाही, त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

सेमिसी : मग कर सही. पण दर रविवारी चर्च झालं की बॉनेट उघडायचं, इंजिन सुरू करायचं, मला फोन लावायचा आणि तो जवळ धरायचा. पंख्यापासून लांब धर हं.

लुपे : गाडी ठणठणीत असली तरी?

सेमिसी : ठणठणीत असतानाचा आवाज कानात बसायला नको का? त्याशिवाय बिघडल्यावर मला कसं कळणार?

एसेता : सरळ सांग ना, पोरीचा आवाज ऐकायचाय म्हणून.

सेमिसी : तेच तर सांगतोय मघापासून. तुम्हाला समजत नाही. इंजिन ऐकून झालं की बंद करायचं, लुपे, आणि मग बोलायचं. शाळेचं, घराचं, काय ते.

लुपे : किती वेळ?

सेमिसी : इंजिन थंड होईपर्यंत.

लुपे : तिकडे फार थंडी असते, बाबा. पाच मिनिटांत थंड होईल.

सेमिसी : मग परत सुरू करायचं.