रांगोळीचा पहारा

मंडळी, ऐका! आज एकच सवाल घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. आपल्या वस्तूला धक्का लागला, की माणूस पहिल्यांदा कुणाकडं बघतो? बोला की! — मागून कोण बोललं? "शेजाऱ्याकडं"? शाब्बास! तुमचे शेजारी इथंच बसलेत ना? जरा सांभाळून बसा मग!

बरं, दुसऱ्याकडं बघतो हे ठरलं. पण स्वतःच्या हाताकडं कधी बघतो? — आता सगळे गप्प! पेटीवालेसुद्धा गप्प! म्हणून तर आख्यान लावायचं.

एक होते श्रीरंगअण्णा. गावाचं नाव सांगत नाही. त्यांचे पाहुणे इथं बसलेले असायचे, आणि प्रसादाला मला कुणी बोलवायचं नाही! साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. घर दुमजली. वर अण्णा आणि त्यांची बायको इंदुवहिनी, खाली धाकटा भाऊ जयवंत, त्याची बायको आणि त्यांची मुलगी केतकी. अंगण एक, नळ एक. अण्णांना मूलबाळ नाही. केतकी म्हणजे त्यांचा जीव!

अण्णांनी गाडी घेतली. काळी कुळकुळीत! वर सिरॅमिक कोटिंग. म्हणजे काय? तर रंगावर काचेसारखा पातळ थर. पाणी टाकलं की मोत्यासारखं घरंगळतं. अण्णांना वाटलं, गाडीला चिलखत मिळालं! आता कसली भीती? केतकीचं लग्न ठरलेलं. ती म्हणाली, "मोठे काका, माझी पाठवणी याच गाडीतून. आणि चालवायची तुम्हीच!" अण्णांचे डोळे भरून आले. तेव्हापासून रोज सकाळी अंघोळीआधी गाडी! धोतराचं जुनं मऊ फडकं घ्यायचे आणि लेकराचं तोंड पुसावं तसे गाडी पुसायचे.

आणि एका सकाळी, मंडळी, ऊन तिरपं बॉनेटवर पडलं, आणि अण्णांना दिसलं काय? बारीक ओरखडे! केसाएवढे! एकात एक गुंतलेली गोल गोल जाळी! सावलीत दिसत नाहीत, उन्हात लपत नाहीत!

अण्णा ओरडले, "हे कुणी केलं?"

बघा हं! "हे कसं झालं" असं नाही विचारलं. "कुणी केलं"! इथंच गाडी रस्ता सोडून गेली की नाही?

आधी संशय मांजरावर. मग दूधवाल्यावर. मग समोरच्या पोरांच्या बॅटवर. असा फिरत फिरत संशय शेवटी कुठं येऊन बसला? खालच्या मजल्यावर! अण्णांना आठवलं — गाडी आणली त्या दिवशी पेढा खाताना जयवंत हसला होता. का हसला होता? आता सांगा, पेढा खाताना माणसानं रडायचं का हो?

"इंदू, जयवंताची नजर बघितलीस? गाडीवरून हलत नाही!"

वहिनी म्हणाल्या, "अहो, त्याच्या दारापुढं आडवी लावलीय तुम्ही. त्यानं बघायचं तरी कुठं?"

पण संशयानं पछाडलेल्या माणसाला बायकोचं ऐकू येतं का? — असं हसू नका, एरवीही येत नाही!

अण्णांनी पहारा बसवला. कसला? रांगोळीचा! दिवेलागणीला डबा घेऊन उतरले आणि गाडीभोवती पांढरी रांगोळी पसरली. कोण येतो ते पायांवरून कळेल! सकाळी बघतात तर पाऊल नाही. मांजराची तेवढी चार बोटं. वाऱ्यानं मात्र रांगोळी उडून गाडीभर बसलेली. अण्णांनी फडकं घेतलं, सगळी पुसून काढली. ऊन आलं. बघतात तर काय — ओरखडे वाढलेले!

"पाऊल न उमटवता आला! भारीच पोचलेला आहे!"

ठसा सापडला असता तर भाऊ चोर. नाही सापडला, तर भाऊ अट्टल चोर! मग दुसऱ्या दिवशी काय? दुप्पट रांगोळी! आणि सकाळी दुप्पट पुसणं!

असे दिवस गेले. भावाशी बोलणं तुटलं. जयवंत विचारायचा, "अण्णा, बरं नाही का?" अण्णा मनात म्हणायचे, बघा, कसा गोड बोलतोय!

आणि लग्न अगदी तोंडावर आलं असताना, एका सकाळी अण्णा जिना उतरतात तर — रांगोळीत पावलं! आणि पावलांवर खुद्द जयवंत! बॉनेटवर ओणवा, दोन्ही हात पसरलेले!

"सापडलास!"

जयवंत दचकला. "अण्णा, मी—"

"गाडी घेतल्यापासून तुझ्या पोटात दुखतंय! खबरदार पुन्हा हात लावलास तर! आणि पोरीच्या पाठवणीला दुसरी गाडी बघ. तुझं कुणी माझ्या गाडीत बसणार नाही!"

दारात केतकी उभी होती. हातात चहा. अण्णांसाठीच आणलेला.

जयवंतानं मूठ उघडली. आत सुतळी. "अण्णा, गाडीला घालायच्या माळेचं माप घेत होतो. फुलवाल्यानं मागितलंय." सुतळी पायरीवर ठेवली आणि तो आत गेला. केतकीनं चहाचा कप तसाच मागं फिरवला. बापामागोमाग तीही गेली.

पटलं अण्णांना? छे! म्हणाले, "सुतळी! म्हणजे ओरखडे सुतळीनंच काढलेत!" आणि तडक गाडी घेऊन निघाले कोटिंगवाल्या महावीरकडं.

"महावीर, हे सुतळीचे ओरखडे आहेत. हो म्हण!"

महावीरनं गाडी आत अंधारात घेतली, दिवा धरला. बराच वेळ बघत राहिला. मग दाराच्या फटीत बोट घातलं. बोट पांढरं!

"अण्णा, हिच्यावर रांगोळी कुणी टाकली?"

मंडळी, काय उत्तर द्यायचं सांगा! अण्णा म्हणाले, "मीच. पहाऱ्याला!"

"दगडाची भुकटी आहे ही. रस्त्याची धूळही तशीच. त्यावर कोरडं फडकं फिरवलं की घासकामच सुरू. तुम्ही पुसता कसं, अण्णा?"

अण्णांचा हात वर उठला. हवेत फिरायला लागला. गोल... गोल... आणि थांबला. बॉनेटवर तेच गोल होते. भावाच्या सुतळीची एक सरळ रेघ तिथं नव्हती.

"पण कोटिंग होतं ना रे?" आवाज एवढासा झालेला.

"कोटिंग घाण चिकटू देत नाही. रोज घासलं तर तेही सोसत नाही. आधी नुसतं पाणी सोडायचं, अण्णा. हात लावायचा नाही. धूळ वाहून जाऊ द्यायची. मग साबणाचा फेस. बादल्या दोन — एकीत साबण, दुसरीत साधं पाणी, धुवायचा हातमोजा खळबळायला. चाकांचं फडकं वेगळं. जमिनीवर पडलेलं फडकं परत गाडीला नाही. आणि सावलीत धुवून मऊ टॉवेलनं टिपायची, रगडायची नाही."

"हे निघतील का?"

"निघतील. पॉलिश करतो, वर कोटिंग परत देतो. पण पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. रंगावर पारदर्शक लेप असतो ना, तो आजूबाजूनं तेवढा घासून खाली आणायचा. दर वेळी लेप पातळ होतो. सारखं सारखं केलं, तर घासायला काही उरणार नाही."

अण्णांना भावाची सुतळी आठवली, मंडळी! पोरीच्या हातातला चहा आठवला. घरी आले ते वर गेलेच नाहीत. जयवंताच्या दारात उभे राहिले.

"जयवंता, हात माझाच होता रे. चुकलो मी. माझ्या पोरीला माझ्याच गाडीतून पाठवू दे."

जयवंत रडला. "तुम्ही वडलांच्या जागी, अण्णा. झालं गेलं." केतकी म्हणाली, "काका, गाडी हळू चालवा हं. मी रडणार आहे."

झालं लग्न! पाठवणी झाली, अण्णांनीच गाडी चालवली. माळ अशी बसली म्हणता! आणि बॉनेट? आरसा! उन्हात बघा, सावलीत बघा, एक ओरखडा दिसेल तर शपथ!

संपलं का आख्यान? तुम्ही उठायला लागलात, म्हणून विचारतो!

अजूनही ती गाडी अंगणात असते. जयवंताचा जाण्या-येण्याचा रस्ता तिच्या बाजूनंच आहे. भाऊ भावाशी बोलतो, हसतो, जेवायला वर जातो. पण गाडीजवळून जाताना, मंडळी — जयवंत आपले दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतो. मुद्दाम नाही. त्याचं त्यालाही कळत नाही. अण्णांना कळतं. अण्णा गॅलरीतून रोज बघतात.

अहो, माफी मागितली, त्यानं दिलीही! मग हे काय राहिलं? लेप पातळ झाला तो झालाच! म्हणून सांगतो — कुणावर बोट उचलायच्या आधी थोडं पाणी सोडा. दोन दिवस जाऊ द्या, शांतपणानं विचारा, आपलं फडकं आधी झटकून बघा. घासायला जन्म पडलाय!

आता घरी जाल. दार उघडेल. तुम्हाला बघून हात पाठीमागं घेणारं तुमच्या घरात कोण आहे? भाऊ? सून? की पोटचं पोर?

टाळकरी बुवा, थांबा! एवढ्यात टाळ वाजवू नका. ज्याला कुणी आठवलं असेल, त्याला जरा आठवू द्या.